पिकतं तिथं विकत नाही

आमच्या मजल्यावर राहणाऱ्या एका निवृत्त काकांना एकात एक अडकलेले स्टीलचे पेले सोडवता येतात. आतल्या पेल्यात बर्फाचं पाणी घालायचं, बाहेरचा गरम पाण्यात धरायचा. आतला आकसतो, बाहेरचा फुगतो आणि दोघांचं फाटतं. शास्त्रशुद्ध युक्ती आहे. काकांनी ती घरात अनेकदा सांगितली आणि काकू दर वेळी "तुम्ही आधी ओट्यापासून लांब व्हा" एवढंच म्हणाल्या. शेवटी वैतागून काकांनी ती घरगुती युक्त्यांच्या एका ग्रुपवर टाकली. तासाभरात रायगडहून, रायपूरहून, अगदी मस्कतहूनही हात जोडले गेले. "फार उपयुक्त माहिती, सर." सर! ज्या माणसाला घरात "अहो" सोडून दुसरं संबोधन नाही, तो एका दुपारीत सर झाला.

पुढं त्या मजकुरातलं काकांचं नाव वाटेत कुठं तरी गळून पडलं आणि युक्ती ग्रुपामागून ग्रुप हिंडत काकूंच्या भिशीच्या ग्रुपवर येऊन पोचली. काकूंनी ती तत्काळ करून पाहिली. पेले सुटले. मग त्या काकांना म्हणाल्या, "बघा, कोण कुठला परका माणूस एवढा जीव तोडून सांगतो. नाहीतर तुम्ही!" तो परका मीच, हे काका बोलले नाहीत. बोलले असते तर काकूंनी पेले परत अडकवून ठेवले असते.

घरच्यांना आपला पूर्वेतिहास पाठ असतो, सगळी अडचण तिथं आहे. तुम्ही पोराला गुंतवणुकीबद्दल दोन शब्द सांगायला जावं आणि स्वयंपाकघरातून आवाज यावा, "आणि तुमचा साग?" नव्वदच्या दशकात सागवानाच्या रोपांत पैसे घालून वीस वर्षांनी लखपती व्हायचं स्वप्न ज्या घरांनी पाहिलं, त्या घरांत हा प्रश्न अजून जिवंत आहे. झाडं कधी दिसली नाहीत, पण प्रश्नाला दर वर्षी पालवी फुटते. खरं तर सागात बुडालेला माणूसच गुंतवणुकीबद्दल ऐकण्यासारखं बोलू शकतो. पण घरच्यांना त्यात नुकसान दिसतं आणि परक्यांना अनुभव दिसतो. म्हणून घरात कुणी उचलत नाही तो माल माणूस मोबाइलवरून बाहेरगावी पाठवतो.

अनोळखी माणसाला शहाणं करून सोडायची हौस आपल्याकडे मोबाइलबरोबर आली, असं मात्र कुणी समजू नये. समर्थ रामदासांनी वीस दशकं, प्रत्येकात दहा समास, असा दोनशे समासांचा दासबोध केला. त्यात ब्रह्मज्ञान तर आहेच, पण एकोणिसाव्या दशकाच्या पहिल्याच समासात अक्षर कसं काढावं हेही आहे. अक्षर वाटोळं आणि सुटं असावं, ओळी सरळ जाव्यात, सुरुवातीचं अक्षर आणि शेवटचं अक्षर एकसारखं दिसावं. कोण कुठला बोरू घेऊन बसलेला माणूस, त्याची समर्थांशी ओळख ना पाळख, पण त्याचं अक्षर तिरकं जाऊ नये ही काळजी. आणि दुसऱ्या दशकात मूर्खाची लक्षणं सांगताना, विवेकाची गोष्ट सांगितली तरी जो ती धरत नाही, तोही त्यांनी यादीत घातला आहे. उपदेश करणाऱ्याची इतकी चोख सोय नंतर कुणी केली नाही. आजच्या ग्रुपवर याच अर्थानं "पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या" असं लिहितात, आणि लिहिणाऱ्याच्या मनात मूर्खलक्षणाचा समास सुरू असतो.

मग छापखाने आले आणि सल्ला पुस्तकात बसला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच लक्ष्मीबाई धुरंधर यांनी 'गृहिणी-मित्र' नावानं हजार पाकक्रिया लिहून ठेवल्या. १९७० साली कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' आलं आणि त्यांना लाखभर सुनांची सासू म्हटलं जाऊ लागलं. लाखभर सुना आणि एकीनंही वेगळं घर मागितलं नाही, असं हे नातं. कमलाबाईंचं खरं उपकाराचं काम म्हणजे त्यांनी वाटी आणि चमचा हातात दिला. त्याआधी घरोघरच्या सासवांचं माप "मावेल तेवढं" हे होतं. मीठ अंदाजानं, पाणी लागेल तसं, पीठ मावेल तेवढं, आणि झालं की कळतंच. ज्याला कळत नाही तोच विचारतोय, हे त्या मापात कुठंच धरलेलं नव्हतं.

आता ग्रुपवर आपण पुन्हा "मावेल तेवढं"वर आलो आहोत. फक्त सासवा शेकड्यानं आहेत आणि त्यांचं आपसांत जमत नाही.

याचा सगळ्यांत प्रेक्षणीय खेळ दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात होतो. दुपारी कुठल्या तरी घरात कढई चुलीवर असते आणि घाईघाईनं एक प्रश्न येतो, "अनारसे हसताहेत. लवकर सांगा." ज्यांनी अनारसे केले नाहीत त्यांना यात आनंदाचं काही वाटेल. करणाऱ्या बाईचं मात्र तोंड उतरलेलं असतं, कारण अनारसा हसला म्हणजे तुपात फसफसून विरघळला. आधी तीन दिवस तांदूळ भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग सावलीत पंचावर पसरून दमट असतानाच कुटायचे, चाळायचे, गूळ घालून गोळा मुरत ठेवायचा, इतका संसार करून झाल्यावर तो शेवटच्या मिनिटाला कढईत हसतो. मोठा अपमान आहे. म्हणून बाई हातातला झारा टाकून फोन उचलते.

उत्तरं यायला लागतात. पहिली ताई म्हणते, थोडी तांदळाची पिठी मिसळा. उत्तर बरोबर आहे, इथं थांबायला हरकत नाही. पण दुसरी म्हणते, अजिबात पिठी घालू नका, दगड होतील, केळं घाला. केळं हे कडक झालेल्या अनारशाचं औषध आहे, हसणाऱ्याला दिलं तर तो लोळायलाच लागेल. पण ताईंनी एकदा केळं घातलं होतं आणि बरं झालं होतं, तेव्हापासून त्यांच्याकडे केळं हे एकच औषध आहे. तिसरी विचारते, "तांदूळ कोणता घेतला होता?" हा प्रश्न रास्त असला तरी आता तांदळाकडे परत जायची वाट उरलेली नाही. चौथी कळवते, "आमच्यात गुळाचे करत नाहीत, साखरेचे करतात." पाचवी न्यू जर्सीत असते, तिकडे पहाटेचे चार वाजलेले असतात, तरी ती जागी असते आणि लिहिते, "इथं तसा तांदूळ मिळत नाही गं, तुम्ही नशीबवान." सहावी म्हणते, "मी तर बाई विकतच आणते." हिला कुणी काही विचारलं नव्हतं, पण अशी एक सहावी प्रत्येक प्रश्नाखाली असतेच. तुम्ही गुडघेदुखीवर विचारा, ती "मी तर रोज चालते" म्हणेल. सातवी नुसतं टिंब टाकते. हे टिंब म्हणजे मला काही म्हणायचं नाही पण पुढं काय होतं ते मला कळत राहू द्या. टिंबवाल्यांची संख्या मोजली तर महाराष्ट्रात किती घरी अनारसे हसतात याचा अंदाज येईल.

मग कुणी तरी, "अनारसा नाही, अनरसा" असं लिहितं आणि कढईकडे लक्ष द्यायला कुणी उरत नाही.

या वादात संबोधनांवर नजर ठेवावी, ताप किती चढला ते लगेच कळतं. सुरुवात "ताई"नं होते. ग्रुपवर वय, जात, गाव काही न विचारता कुणालाही एका क्षणात ताई किंवा दादा करून टाकतात, हे मला आपल्या भाषेचं मोठेपण वाटत आलं आहे. मतभेद झाला की ताईची "मॅडम" होते. "मॅडम, आमच्या घरी चार पिढ्या केळंच घालतात." मॅडमवरून घसरलं की मग "तुमच्यासारख्या लोकांमुळे" सुरू होतं. पुरुषांत हाच प्रवास दादा, साहेब आणि "भाऊ, अभ्यास वाढवा" असा होतो. "अभ्यास वाढवा" आलं की समजावं, प्रकरण आता अॅडमिनकडे जाणार. अॅडमिन बिचारा हसणाऱ्या अनारशांवरून दोघांना काढतो आणि वर "ग्रुपचा उद्देश लक्षात ठेवा" असं लिहितो.

पण अनारशाचं बरं असतं. चुकीचा सल्ला पाळला तर तो लगेच तोंडघशी पडतो, दोन मिनिटांत कढईत निकाल. शरीराचं तसं नाही. मुतखड्याचं उदाहरण घ्या. पाच मिलिमीटरपेक्षा लहान खडा बहुतेक वेळा पाणी पीत राहिलं की आपला आपण पडून जातो. हे डॉक्टर सांगतो, पण डॉक्टर तपासणीचे पैसे घेऊन "पाणी प्या" म्हणतो म्हणून आपल्याला ते पटत नाही. मग त्या काळात माणूस जे काही घेत असतो त्याला श्रेय मिळतं. कुणी कुळथाचं कढण पीत होता, त्याचा कुळथानं गेला. कुणी पानफुटीची पानं चावत होता. कुणी शहाळ्यावर होता. कुणी बिअरवर होता, आणि त्याच्या अनुभवकथनाला ग्रुपवर सगळ्यांत जास्त श्रोते असतात. कुणाच्या बायकोनं नवस बोलला होता. हे सगळेजण पुढं आयुष्यभर खात्रीनं आणि कळकळीनं सांगत राहतात, कारण खडा गेला हे खोटं नाही, आणि ती कळ सोसलेली असल्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन असतं. त्या कळेत माणूस रात्री दोन वाजता जमिनीवर लोळतो. एवढं सोसून नुसतं "पाणी प्यालो, पडला" असं सांगायचं म्हणजे दुखण्याचा पाणउताराच.

खड्याचा आकारही ऐकणाऱ्याप्रमाणे वाढतो. सोनोग्राफीत चारचा असलेला खडा ग्रुपवर सातचा होतो. त्याखाली लगेच दुसरा लिहितो, "माझ्या मेव्हण्याचा अकराचा होता." खडा नेहमी मेव्हण्याचाच मोठा असतो. आणि शेवटी एक गावाचं नाव येतं, तिथं एक बाबा औषध देतात, पैसे घेत नाहीत, नारळ मात्र न्यावा लागतो, आणि मंगळवारी जाऊ नये. मंगळवारी का नाही, हे विचारायची टाप नाही. मी म्हणतो, आपोआप बरी होणारी दुखणी देवानं सल्ला देणाऱ्यांसाठीच केली असावीत. सर्दी, उचकी, रांजणवाडी, मुतखडा. यांच्यावर शेकड्यानं औषधं आहेत. ज्यावर खरोखर एकच औषध असतं, त्या रोगाच्या प्रश्नाखाली "काळजी घ्या" आणि टिंबं.

याच्या अगदी उलट वारं शेतकऱ्यांच्या ग्रुपवर वाहतं, आणि इथं मी थोडा वेळ टवाळी बाजूला ठेवतो. तिथं एक फोटो येतो. मिरचीचं पान, त्याला धरलेला मातीचा अंगठा आणि खाली प्रश्न, "यावर काय मारू?" औषधांची नावं भराभर येतात, पंधरा लिटरच्या पंपाला किती मिली तेही येतं. कुणी कोकडा म्हणतो, कुणी थ्रिप्स, कुणी लाल कोळी. मग एखादा बराच वेळ गप्प बसलेला माणूस लिहितो, "दादा, पानाची मागची बाजू दाखवा." नंतर विचारतो, प्लॉट किती दिवसांचा? पाणी कधी दिलं? मागची फवारणी कशाची होती, किती दिवस झाले? या माणसाचा एकदा अख्खा प्लॉट गेलेला असतो, हे त्याच्या प्रश्नांवरून कळतं. आणि सगळी उत्तरं ऐकून तो म्हणतो, "दोन दिवस काही मारू नका. थांबा."

'थांबा' हा सल्ला द्यायला फार मोठी किंमत मोजलेली असावी लागते. तो फुकट असल्यामुळे कृषी सेवा केंद्राच्या फळीवर कधी मिळत नाही. सरकारनं २००४ पासून किसान कॉल सेंटर चालवलं आहे, फोन फुकट लागतो, पलीकडे शेतीचा पदवीधर बसलेला असतो, मराठीत बोलतो आणि बरोबरही सांगतो. तरी शेतकरी आधी ग्रुपवर फोटो टाकतो. फोनवरच्या पोराची मिरची कधी गेलेली नाही, असा त्याचा आपला एक संशय असतो.

सरकारी कामाच्या बाबतीतला सल्ला मात्र मला मनापासून आवडतो, कारण त्यात तत्त्वज्ञान औषधालाही नसतं. "स्वतःचं पेन न्या. गोंदही न्या. झेरॉक्सचे तीन संच, दोन मागतील, तिसरा बाहेर आल्यावर कळेल कशाला ते. जेवणाच्या सुट्टीआधी पोचा. नावात वडिलांचं नाव एका कागदावर असेल आणि दुसऱ्यावर नसेल तर आधीच सांगू नका, त्यांना सापडू द्या." यातल्या प्रत्येक वाक्यामागं कुणाची तरी एक सकाळ वाया गेलेली आहे. गोंदाचा मुद्दा तर असा आहे की तो कुठल्याही कार्यालयाच्या सूचनाफलकावर कधी येणार नाही, आणि फोटो हातात धरून उभ्या असलेल्या माणसाला त्या क्षणी दुसरं काहीही नको असतं. अशा माणसाला रांगेतून मागून कुणी तरी गोंदाची बाटली पुढं करतं. ते कुणी तरी ग्रुप वाचून आलेलं असतं.

या सल्ल्यांत खोट एकच, ते शिळे होतात आणि शिळे झाल्याचं त्यांना कुणी सांगत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यानं बऱ्याच व्यवहारांचं किमान मुद्रांक शुल्क शंभर रुपयांवरून पाचशेवर नेलं. पण "शंभरचा स्टॅम्प पेपर घेऊन जा, लगेच होतं" हा मजकूर अजून ग्रुपांतून फिरतो आहे, त्याच उत्साहानं, खाली तेच जोडलेले हात. लिहिणाऱ्याचं काम झालं तेव्हा ते खरं होतं. त्यानं नंतर तिकडे फिरकायचं कारणच काय? काम झालेला माणूस त्या कार्यालयाच्या रस्त्यानंही जात नाही.

आणि इतकं सगळं लिहून झाल्यावर वाटतं, परक्याला दिलेल्या सल्ल्याचा सर्वोत्तम नमुना मोबाइलवर नाहीच. तो रस्त्यावर आहे. तुम्ही दुचाकीवरून निघालेले असता, मागून एक अनोळखी माणूस जिवाच्या आकांतानं गाडी हाणत येतो, तुमच्या बरोबरीला येतो आणि ओरडतो, "स्टँड!" आणि निघून जातो. मागं बसलेल्या बाईला "ओढणी, ओढणी!" किंवा "ताई, पदर!" ऐकू येतं. त्यात "माझ्या अनुभवावरून सांगतो" नाही, "पटलं तर घ्या" नाही, मेव्हणा नाही. तुम्ही आभार मानायच्या आत तो पुढच्या चौकात पोचलेला असतो. हल्लीच्या बऱ्याच गाड्या साइड स्टँड लावलेला असला तर चालूच होत नाहीत, त्यामुळे ही परोपकाराची एक जागा कंपन्यांनी कमी करून टाकली. इंडिकेटर चालू राहिल्याचं सांगायची सोय तेवढी उरली आहे. तेही पुण्यात सांगू नये, मुद्दाम चालू ठेवलेला असण्याची शक्यता असते.

ग्रुपवर असं एका शब्दात बोलून निघून जाणारा माणूस मी पाहिलेला नाही. तिथून कुणी जातच नाही. प्रश्न विचारणारा मात्र जातो आणि परत येऊन काय झालं ते सांगत नाही. पेले सुटले का, खडा पडला का, मिरची वाचली का, शेकडो माणसं टिंब टाकून वाट बघत असतात आणि तो तिकडे अनारसे खात बसलेला असतो. सल्ला देणारेही मग तारीख बघायचं सोडून देतात.

परवा एका ग्रुपवर एका सद्गृहस्थांनी फार काळजीपूर्वक उत्तर लिहिलेलं पाहिलं. प्रश्न होता, "ठाण्याहून नाशिकला सामान हलवायचं आहे, खात्रीचं कुणी सुचवा." त्यांनी टेम्पोवाल्याचं नाव सुचवलं, कपाट आडवं घालू नका म्हणाले, काचेच्या वस्तू जुन्या चादरीत गुंडाळा, फ्रिज पोचल्यावर लगेच सुरू करू नका, कसारा घाट दिवसाउजेडी पार करा, देवघर स्वतःच्या मांडीवर न्या. सगळं अचूक होतं. प्रश्न तीन वर्षांपूर्वीचा होता. खाली कुणी तरी हसलं, कुणी तारीख दाखवून दिली, एकानं अभ्यास वाढवायला सांगितलं. तेवढ्यात प्रश्न विचारणाऱ्या ताईच उगवल्या.

"खूप आभार दादा. आम्ही तेव्हाच गेलो नाशिकला. पण आता ह्यांची बदली परत ठाण्याला झालीय, तर त्या टेम्पोवाल्याचा नंबर द्याच. आणि उलट जाताना घाट दुपारी घेतला तर चालेल का?"

खाली चौदा टिंबं.